शेवटच्या ओळीतला श्वास

हे मी पदरचं काही न घालता सांगतेय. पटलं नाही तर सोडून द्या. मलाही बरीच वर्षं पटलं नव्हतं.

तारीख २४ फेब्रुवारी १९७४. वार रविवार. वेळ दुपारी साडेतीनची.

हो, दुपारची. भुताखेतांना रात्रच लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी इटलीतल्या पो नदीकाठचं फेब्रुवारीतलं धुकं पाहिलेलं नाही.

गाव पार्मापासून तासाभरावर. नाव मुद्दाम सांगत नाही. तिथलं ऑपेराचं नाट्यगृह अजून चालू आहे, आणि लोक बिचारे अजून तिकिटं काढून आत जातात.

जिच्यावर हे गुदरलं ती माझी मावशी, नीवेस गांदोल्फी. तेव्हा ती चौतीस वर्षांची होती.

नीवेस सोप्रानो होती. बायकांच्या गळ्यातला सगळ्यात उंच आवाज तो. ऑपेरात हा आवाज मिळाला की बाईचं नशीब ठरलेलं असतं. पहिल्या अंकात प्रेमात पडायचं आणि शेवटच्या अंकात मरायचं. नीवेसने अकरा भूमिका गायल्या होत्या. त्यात ती दोनदा क्षयाने जायची, दोनदा विष प्यायची, एकदा उडी मारायची, एकदा लग्नाच्या दिवशी वेडी व्हायची.

माझी आजी म्हणायची, "अगं, एखादी तरी अशी घे, जिला तिथे पोटभर जेवायला घालतात!"

पण दोन वर्षांपूर्वी एका गावात ऐन वरच्या सुरावर नीवेसचा आवाज फाटला होता. आमच्याकडे सगळ्यात वरच्या गॅलरीत बसणाऱ्यांना एकेक सूर पाठ असतो, आणि ते दयामाया दाखवत नाहीत. त्यांनी शिट्ट्या मारून तिला रडवलं. त्यानंतर बोलावणी बंद झाली. नीवेस कार्पीला आईच्या घरी येऊन बसली. कार्पीत घरोघरी विणकामाची यंत्रं. तीही सकाळपासून स्वेटरच्या बाह्या विणायला लागली.

गुरुवारी दुपारी फोन वाजला. मिलानहून तिचा एजंट झोबोली बोलत होता.

"नीवेस, तुझ्या यादीत 'मिठागरवाली' आहे. खरंच पाठ आहे ना?"

ऑपेराच्या धंद्यात प्रत्येकीजवळ भूमिकांची एक यादी असते. ती नाट्यगृहांना पाठवतात. आणि सगळ्याच जणी त्यात एखादी न गायलेली भूमिका घुसडतात. अशी की जी कोणी कधी मागणारच नाही. नीवेसने बारावी म्हणून 'मिठागरवाली' लिहिली होती. तीस-पस्तीस वर्षांत तो ऑपेरा कोणी लावला नव्हता.

"आहे की, सिन्योर झोबोली."

"देव पावला! तिथल्या बाईचा घसा बसलाय. दुसरी कोणी सापडत नाहीये. रविवारी दुपारचा प्रयोग. हा जमला तर पुढचा अख्खा मोसम तुझा. आणि नाही जमला तर... परत मला फोन करू नकोस. मी तुझ्या भल्यासाठी सांगतोय."

नीवेसने फोन ठेवला. आजी यंत्रावरून मान वर न करता म्हणाली, "पाठ आहे म्हणालीस?"

"यादीत आहे."

"यादीत मीसुद्धा लिहीन, की मी पोप आहे!"

पण आजीनेच तिची बॅग भरून दिली.

शुक्रवारी सकाळी नीवेस त्या नाट्यगृहात पोचली. "माझी प्रत घाईत घरी राहिली," असं खोटंच सांगून तिने स्वरलिपीची प्रत मागितली. कपडेपट सांभाळणारी देल्मा होती, साठी उलटलेली, तोंडात कायम टाचण्या. तिने कपाटाच्या तळातून एक जुनं जाडजूड पुस्तक काढलं.

पहिल्या पानावर नाव होतं. आर्जिया सोलिएरी, १९३८.

"हिच्यानंतर इथे ही भूमिका कोणी गायली नाही," देल्मा म्हणाली. मग तिने खिशातून रबर काढून पुस्तकावर ठेवलं. "आधी हे कर, पोरी. मग गा."

नीवेसला सांगायची गरज नव्हती. गाणारी बाई कुठे श्वास घ्यायचा तिथे ओळीवर पेन्सिलीने स्वल्पविरामासारखी खूण करते. आणि आमच्याकडे प्रत्येक गुरू शिकवतो, की जुनी प्रत हातात आली तर आधी रबर घ्यायचं. आधीच्या बाईचे सगळे श्वास पुसायचे. मग आपले लिहायचे. प्रत्येकीची छाती वेगळी असते, एवढंच त्यामागे कारण. निदान सांगतात तरी तेवढंच.

खानावळीवरच्या खोलीत बसून नीवेसने पहिलं पान पुसलं. दुसरं पुसायला घेतलं आणि सहज म्हणून त्या खुणांप्रमाणे गाऊन पाहिलं.

ती थांबली.

इतकं सोपं तिला कधीच काही गेलं नव्हतं. प्रत्येक श्वास नेमका हवा तिथे होता. कठीण जागा आपोआप सुटत होत्या. अडीच दिवसांत अख्खी भूमिका पाठ करायची होती, आणि इथे कोणीतरी वाट तयार करून ठेवली होती.

तिने रबर बाजूला ठेवलं.

चूक झाली ती इथे. मावशी शेवटपर्यंत म्हणायची, "भूत बित नंतरचं. आधी मी आळस केला."

संध्याकाळपर्यंत ती गात राहिली. मधे एकदा तिला वाटलं, खोलीत कोणीतरी आहे.

गाण्याची ओळ सुरू करायच्या आधी... अगदी क्षणभर आधी...

कोणीतरी श्वास घेतला.

तिने खिडकी पाहिली. बंद होती. कोपऱ्यातली शेगडी पाहिली. ती फुरफुरत होती. शेगडीच असणार, म्हणून तिने पुन्हा पान उलटलं.

शनिवारी सकाळी नाट्यगृहात पियानोवर सराव होता. पियानोवर संगीतमास्तर, मायेस्त्रो एजिदिओ. सत्तरीचे, खट्याळ, कान मात्र मांजराचे. एक अंक झाल्यावर त्यांनी हात थांबवले.

"सिन्योरीना, तुम्ही दोन-दोनदा श्वास का घेता?"

"दोनदा?"

"एकदा घेता, मग लगेच पुन्हा घेता. फुकट आहे म्हणून इतका?"

नीवेस हसली. इथे एक गोष्ट सांगायला हवी. नऊ वर्षांची असताना ती सायकलवरून तोंडावर आपटली होती. नाकाचं हाड मोडलं. तेव्हापासून ती श्वास आत घेताना शेवटी एक बारीक शीळ वाजायची. गुरूने वर्षानुवर्षं घासून ती झाकली, पण जवळ बसणाऱ्याला ऐकू यायचीच.

तिने विचारलं, "मायेस्त्रो, दोन्ही श्वासांत शीळ असते का?"

एजिदिओंनी जरा आठवून पाहिलं.

"नाही. पहिला अगदी स्वच्छ असतो. दुसऱ्यात शीळ आहे." मग हसून म्हणाले, "पहिलाच ठेवा. तो जास्त चांगला आहे."

दुपारी देल्मा पोशाखाचं माप घ्यायला आली. नीवेस पुस्तक उघडून उभी होती. देल्माने सहज पानाकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडातल्या टाचण्या खाली पडल्या.

खुणा जांभळ्या झाल्या होत्या.

जांभळा रंग आमच्या नाट्यगृहांत कोणी आणत नाही. अपशकुन मानतात. जांभळा रुमाल घेऊन आलेल्या माणसाला दारातून परत पाठवतात. कोणती गाणारी बाई आपल्या प्रतीवर जांभळ्या खुणा करेल?

"काल राखाडी होत्या," नीवेस म्हणाली. "साधी पेन्सिल होती ती."

"साधी नव्हे. कॉपिंग पेन्सिल. ती आर्जिया तीच वापरायची." देल्माने बोटाने पान चाचपलं. "कोरडी असते तोवर राखाडी दिसते. ओली झाली की जांभळी होते... आणि मग रबराने जात नाही."

"माझ्या हाताला घाम आला असेल."

"मग पान कोरडं कसं?"

पान खरंच कोरडं होतं. ज्या ज्या खुणेवर नीवेस गायली होती, तेवढीच खूण ओली झाली होती. जणू त्या एवढ्याशा जागेवर कोणी तोंड नेऊन श्वास सोडला होता.

शेवटच्या अंकातल्या खुणा अजून राखाडी होत्या. त्या तिने गायल्या नव्हत्या.

"देल्माबाई, शेवटच्या ओळीवर खूणच नाही," नीवेस म्हणाली. "बघा ना. पंचवीस सेकंदांची ओळ आहे. हळू आवाजात, चढत चढत जाणारी. कोणाची छाती एवढी पुरेल? ती कुठे घ्यायची श्वास?"

गोष्टीत मिठागरवालीचा भाऊ समुद्रात गेलेला असतो. शेवटी ती त्याला हाक मारत खाऱ्या पाण्यात चालत जाते. 'थांब, मी येते,' एवढेच शब्द. तीच ती ओळ.

देल्मा खुर्चीवर बसली. बराच वेळ तिने टाचण्याच वेचल्या.

"तिने श्वास घेतलाच नाही," ती म्हणाली. "मी विंगेत पाण्याचा पेला घेऊन उभी होते. सव्वीस वर्षांची होते मी. तिने अख्खी ओळ एका दमात म्हटली. लोक उठून उभे राहिले. टाळ्या थांबेनात. ती पण उभीच होती. माझ्याकडे बघत होती, तोंड उघडं ठेवून... श्वास आत ओढायला."

"मग?"

"तो आत गेलाच नाही, पोरी. टाळ्या चालू होत्या आणि ती उभ्या उभ्या कोसळली. डॉक्टर म्हणाले हृदय. ते काहीही म्हणोत. मी तिचं तोंड पाहिलंय. तिला एक श्वास हवा होता."

परत जावं का? कार्पीची शेवटची गाडी सहाला होती. तिने बॅगसुद्धा हातात घेतली. मग तिला त्या बाह्या आठवल्या. डावी, उजवी, डावी, उजवी. अशीच वीस वर्षं काढायची. तिला त्या मेलेल्या बाईपेक्षा त्या बाह्यांचं भय जास्त वाटलं.

ती राहिली.

तिने आपली स्वतःची साधी पेन्सिल काढली. शेवटच्या ओळीत, 'थांब' नंतर, पटकन चोरून श्वास घेता येईल अशी जागा होती. तिथे तिने आपली खूण केली. अख्ख्या पुस्तकात तिचा स्वतःचा असा तो एकच श्वास होता.

शेवटचा अंक तिने त्या दिवशी फक्त मनातल्या मनात म्हटला.

रविवारी दाट धुकं पडलं. त्या हिवाळ्यात पेट्रोल नव्हतं, म्हणून रविवारी मोटारी बंद होत्या. लोक सायकलींवरून आले, चालत आले, एक कुटुंब तर घोडागाडीतून आलं. धुक्यातून फक्त घंट्या ऐकू येत होत्या. माणसं दारात आल्यावर दिसायची.

तीन वाजता नीवेसने नाट्यगृहातल्या आपल्या खोलीत पोशाख चढवला. शेवटची ओळ पुन्हा बघावी म्हणून कालपासून तिथेच ठेवलेलं पुस्तक उघडलं.

तिची खूण नव्हती.

पुसलेली होती. नीट, काळजीपूर्वक. पानाच्या खाचेत रबराचा ताजा भुगा पडला होता.

आणि त्याच ओळीत, पुढे, 'येते'च्या लांबलचक सुराच्या अगदी मधोमध...

नवी खूण होती.

जांभळी. ओली.

नीवेसने तिच्यावर बोट ठेवलं. बोटाला रंग लागला.

तिला कळलं. सगळं नीट रीतीप्रमाणे झालं होतं. आधीच्या बाईचा श्वास पुसायचा, मग आपला लिहायचा.

"देल्माबाई, खोलीत कोण आलं होतं?"

"कोणी नाही. किल्ली माझ्या कमरेला आहे." देल्मा दारातच उभी होती. प्रयोगाआधी आमच्याकडे 'लांडग्याच्या तोंडात जा' असं म्हणतात, त्याने अरिष्ट टळतं. देल्माने चाळीस वर्षांत प्रत्येकीला ते म्हटलं होतं.

त्या दिवशी ती काहीच बोलली नाही.

पडदा उघडला. पहिला अंक झाला, दुसरा झाला. वरची गॅलरी आधी खोकत होती, मग गप्प झाली, मग टाळ्या वाजवायला लागली. नीवेस इतकी सुंदर कधीच गायली नव्हती. पण प्रत्येक ओळीच्या आधी तिला तो स्वच्छ श्वास ऐकू येत होता. आधी मागून. मग बाजूने. तिसऱ्या अंकात...

अगदी कानाशी.

शेवटची ओळ आली.

तिने ठरवलं होतं. खूण पुसली तर पुसू दे. 'थांब' म्हणायचं, आणि आपल्या जागी श्वास घ्यायचा.

'थांब,' ती गायली. तिने छाती उघडली.

छाती उघडलीच नाही. बंद दारावर ढकलल्यासारखं झालं. वाद्यं पुढे निघाली होती. सूर पुढे न्यावाच लागला. 'मी येते...' तो चढत गेला. फुप्फुसं रिकामी होत आली. डोळ्यांसमोर काळे ठिपके यायला लागले. आता आवाज फाटणार, आता वरून शिट्ट्या येणार...

आणि सुराच्या मधोमध, तिच्या कानात कोणीतरी खोल श्वास घेतला.

अनेक वर्षं बुडून वर आलेल्या माणसासारखा.

नीवेसचं तोंड सुरात होतं. सूर तुटला नाही. उलट भरला. चढला. शेवटपर्यंत गेला आणि विझला.

मग नाट्यगृह कोसळलं म्हणावं अशा टाळ्या झाल्या.

नीवेस उभी होती. तोंड उघडं. नजर विंगेकडे.

श्वास आत जात नव्हता.

देल्माच्या हातात पाण्याचा पेला होता. तिने तो फेकला. पडदा उघडा असताना, नऊशे लोकांसमोर, ती चपला फटफटवत रंगमंचावर धावत गेली आणि तिने नीवेसच्या पाठीत दोन्ही मुठींनी दणका घातला.

"घे! घे म्हणते ना! घे!"

दुसऱ्या दणक्याला श्वास आत गेला.

मावशी सांगायची, तो गार होता. खारट होता. आणि त्यात शीळ नव्हती.

पुढचा मोसम तिला मिळाला. त्याच्या पुढचाही. नऊ वर्षं ती गायली. वर्तमानपत्रांनी लिहिलं, 'गांदोल्फीचा दम अफाट आहे.' ते वाचलं की ती पान उलटं करून ठेवायची. 'मिठागरवाली' तिने यादीतून त्याच आठवड्यात खोडली होती. पुस्तक देल्माने कुठे नेलं ते तिने कधी विचारलं नाही. मग त्रेचाळिसाव्या वर्षी, आवाज ऐन भरात असताना, तिने गाणंच सोडलं. लोकांनी वेड्यात काढलं. ती कार्पीला परत आली आणि जिच्यापासून पळाली होती त्याच यंत्रावर मुकाट्याने बसली.

मी तेव्हा शाळेत होते. रात्री तिच्याशेजारी झोपायचे. गाणं सोडल्यावर काही महिन्यांनी तिच्या श्वासात ती बारीक शीळ परत आली. मला ती आवडायची. ती ऐकत मला झोप लागायची.

एकदा मी विचारलं, "मावशी, दम पुरत नव्हता का गं?"

"पुरायचा, बाळा. पण कुणाचा पुरायचा, ते कळत नव्हतं."

त्या रविवारची एक टेप आहे. गॅलरीत बसणाऱ्या एका औषधवाल्याने मांडीवर टेपरेकॉर्डर ठेवून केलेली. त्याने ती मावशीला भेट दिली, मावशीने मला. मी तिशीत असताना पहिल्यांदा ऐकली, आणि तेव्हा माझा तिच्या बोलण्यावर विश्वास बसला. शेवटच्या ओळीत सूर अखंड आहे, कुठेही तुटत नाही. आणि त्याच्या मधोमध, सूर चालू असतानाच, एक श्वास ऐकू येतो.

स्वच्छ. शीळ नसलेला.

गाणाऱ्या दोन मित्रांना ऐकवली. ते म्हणाले, शेजारी बसलेल्या कोणाचा असेल. असेल.

मावशी दोन हजार एकोणीसच्या मार्चमध्ये गेली. झोपेत, दुपारी. तिची आठवण आली म्हणून महिन्याभराने मी ती टेप लावली. शेवटच्या ओळीपर्यंत आले. तो श्वास आला. मला माहीतच होता, मी घाबरले नाही.

मग, त्याच्या पाठोपाठ...

दुसरा आला.

आधी तो तिथे नव्हता. वीस वर्षांत मी ती टेप कितीतरी वेळा ऐकली आहे. तो तिथे नव्हता.

या दुसऱ्या श्वासाच्या शेवटी एक बारीक शीळ आहे. ती ओळखायला मला कोणाची गरज नाही.

टेप मी कपाटात कुलूप लावून ठेवली आहे. जाळवत नाही, ऐकवत नाही. एकच गोष्ट मला झोपू देत नाही. त्या जागी आता आर्जिया श्वास घेते आणि माझी मावशीही श्वास घेते. दोघी, एकापाठोपाठ. आणि सूर मात्र एकदाही थांबत नाही.

मग गातंय कोण?